हुंडा देणाऱ्याचा दोष

हुंडा घेणे हे पाप आहे, असे आमच्या मंडळ्यांतून उपदेशकांनी पुष्कळ वेळा सांगितले आहे. आणि ते ऐकून ज्याने मान डोलावली नाही असा मनुष्य क्वचितच सापडेल. परंतु सोयरिकीची बैठक बसली म्हणजे तीच मान खाली जाते. घेणाऱ्याविषयी आम्ही येथे फारसे लिहीत नाही, कारण त्याचा न्याय उघड आहे. आम्हांस विचार करावयाचा आहे तो देणाऱ्याचा. मुलीचा बाप हात जोडून रक्कम पुढे ठेवतो तेव्हा तो पाप करतो, की दुसऱ्याचे पाप सोसतो?

हा प्रश्न पोकळ वादाचा नव्हे. २०१४ व २०१५ ह्या लागोपाठच्या दोन वर्षी मराठवाड्यात पाऊस फसला, आणि २०१६ च्या एप्रिलात लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पुढल्याच वर्षी, २०१७ च्या एप्रिलात, लातूर तालुक्यातील एका खेड्यात शेतकऱ्याच्या एकवीस वर्षांच्या मुलीने आपला जीव दिला. पिके बुडाली आहेत, कर्ज मिळत नाही, आणि आपल्या लग्नाचा भार बापास झेपणार नाही, अशा अर्थाचे पत्र तिने मागे ठेविले होते. ती आमच्या मंडळीतील नव्हती. परंतु म्हणून हे दुःख शेजारचे आहे असे म्हणून कोणी दार लावून घेऊ नये.

आमच्या घरी हुंडा येतो तो पुष्कळदा नाव बदलून येतो. कोठे त्यास मानपान म्हणतात, कोठे आहेर. कोठे नवऱ्या मुलाचा पोशाख व अंगठी, कोठे मोटारसायकल. आणि कोठे ‘आम्हांस काही नको, लग्न तेवढे दोन्हीकडचे लावून द्या’ असे गोड बोलणे असते. पैसा मात्र एकाच ठिकाणाहून येतो. नांदेड जिल्ह्यातील मुखेड व कंधार ह्या बाजूंचे वाचक जाणतातच की, मुलीचे लग्न ठरले म्हणजे बाप मुकादमाकडे जाऊन उचल घेतो. मग दिवाळीच्या सुमारास नवराबायको मिळून एक कोयता होऊन ऊसतोडीस जातात, आणि थंडीत, पहाटेच्या अंधारात, मुलीच्या आईच्या डोक्यावरील मोळीने ती उचल फिटते. वराच्या घरी जी रक्कम मोजली जाते तिच्यात त्या माउलीच्या पाठीचे दुखणे असते. घरी राहिलेल्या धाकट्या मुलीची शाळा सुटते. आणि वय वाढले तर हुंडाही वाढेल ह्या भीतीने अठरा वर्षे पुरी होण्यापूर्वीच तिचे हात पिवळे करण्याची घाई होते. हे २००६ च्या कायद्याने वर्ज्य आहे, आणि देवाच्या दृष्टीने तर आहेच.

कोणी म्हणतील, वाडवडिलांची रीत कशी मोडावी? आम्ही विचारतो, कोणते वाडवडील? आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबे ज्या समाजांतून आली त्यांत पूर्वी देज देण्याची चाल होती. म्हणजे वराकडचे वधूच्या बापास पैसा देत. घरातील जुन्या माणसांस विचारा, त्यांनी ऐकलेले असेल. तेव्हा हुंडा ही आमची प्राचीन रीत नसून, वरच्या म्हणविणाऱ्यांचे पाहून घेतलेली नवी हौस आहे. देज चांगले होते असेही आमचे म्हणणे नाही. उत्पत्तीच्या २९ व्या अध्यायात याकोबाने राहेलीसाठी चाकरी केली हे आम्ही कौतुकाने वाचतो. परंतु ३१ व्या अध्यायात लेआ व राहेल ह्या दोघी बहिणींनी आपल्या बापाविषयी जी तक्रार केली तिच्याकडे आमचे लक्ष जात नाही. बापाने आपणांस विकले, तो पैसाही खाल्ला, आणि त्याच्या घरी आपणांस वाटा उरला नाही, हे त्यांच्या बोलण्याचे सार आहे. पैसा इकडून तिकडे जावो की तिकडून इकडे येवो, मोल ठरते ते मुलीचेच, आणि तिला कोणी विचारीत नाही.

दुसरे म्हणतात, हुंडा हा मुलीचाच वाटा आहे. तसे असेल तर तो तिच्या हाती द्यावा. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे, मृत्युपत्र न करिता मेलेल्या ख्रिस्ती मनुष्याच्या मिळकतीत मुलगा व मुलगी ह्यांचा वाटा सारखा आहे. ज्या बापास मुलीचा वाटा देण्याची एवढी कळकळ आहे त्याने अर्धा एकर तिच्या नावे करावा. ती रक्कम सासऱ्याच्या पदरी पडली, तर तिला वाटा कोणी म्हणावे?

आता मूळ प्रश्न. १९६१ चा हुंडा प्रतिबंधक कायदा घेणारा व देणारा दोघांसही दोषी ठरवितो. तथापि ज्याच्यावर अन्याय झाला त्याने तक्रार केली, तर त्याच्याच जबानीवरून त्याच्यावर खटला भरता येत नाही, अशी तजवीजही त्यात आहे. आम्हांस ह्या भेदात शहाणपण दिसते. वाटेवर लुटला गेलेला मनुष्य आणि लुटारू एका पंक्तीस बसत नाहीत. ज्याच्या मानेवर सुरी आहे त्याच्या देण्यास आम्ही चोरीचा दोष लावणार नाही.

परंतु सर्व देणारे असे नसतात. ज्याच्यापाशी आहे तो न मागता देतो, चारचौघांत मोठेपणा मिरवितो, आणि म्हणतो, ‘माझ्या लेकीस मी दिले, त्यात कोणाचे काय गेले?’ गेले ते शेजाऱ्याचे. त्याने आपल्या मुलीसाठी दर वाढविला. पुढल्या बैठकीत तोच दर विधवेच्या मुलीस लागू होतो. लेकीवरील प्रीती खरी असेल. परंतु जी प्रीती शेजाऱ्याच्या लेकीचे घर बंद करिते, ती प्रभूने शिकविलेली शेजारप्रीती नव्हे. आमच्या मते देणाऱ्याचा खरा दोष येथे आहे. जितके सामर्थ्य अधिक, तितका तो अधिक.

गरीब बापास ‘तू एकट्याने देऊ नकोस’ असे सांगणे सोपे, पण निर्दय आहे. त्याने नकार दिला तर मुलगी घरी राहते, आणि उपदेश करणारे आपल्या घरी जातात. साखळी तोडण्याचे सामर्थ्य मुलाच्या बापापाशी आहे. तो म्हणतो, मुलीस दिले म्हणून मुलासाठी घेतो. म्हणजे एकाने आपणांस लुटले म्हणून तो तिसऱ्यास लुटतो! त्याने ‘माझ्यापाशी हे थांबेल’ असे म्हटले, तर त्याचे नुकसान एका रकमेचे होईल. परंतु एक घर मुकादमाच्या वहीतून सुटेल. तरुणांसही आमचे हेच मागणे आहे. बाप बोलत असता आपण गप्प बसलो, एवढ्याने हात धुतले जात नाहीत. पिलातानेही हात धुतले होते.

म्हणून हे काम मंडळीने मिळून करावे. पंचांनी असा ठराव करावा की, विवाहाची सूचना उपासनेत वाचण्यापूर्वी दोन्ही बापांनी पाळकांसमोर, काही मागितले नाही व दिले नाही, असे सांगावे. मंदिरातच विवाह व्हावा, आणि वरणभाताचे एक जेवण पुरे समजावे. ज्याच्यावर जुलूम होत असेल त्याच्याबरोबर दोन वडिलांनी हुंडा प्रतिबंध अधिकाऱ्याकडे अथवा पोलिसांत जावे. त्यास एकटे पाठवू नये. आणि ह्याचा आरंभ उपदेशकाच्या घरापासून व्हावा, कारण खेड्यातील लोक उपदेश कानांनी थोडा व डोळ्यांनी फार ऐकतात.

आमच्या मुलींनो, एक शब्द तुम्हांस. तुम्ही बापाच्या डोक्यावरील भार नाही. मन फार काळवंडले तर ते एकट्याने सोसू नका. आईस, पाळकीणबाईंस, बायबलबाईंस सांगा. तुमच्या जिवाचे मोल बैठकीत ठरत नाही. ते प्रभूने वधस्तंभावर भरून चुकविले आहे, आणि त्याहून अधिक मागण्याचा अधिकार कोणत्याही सासऱ्यास नाही. ही गोष्ट आम्ही रविवारी गातो. ती लग्नाच्या बैठकीतही आठवेल इतके धैर्य देव आम्हां सर्वांस देवो.