कीर्तन रंगले नाही तर?

सप्ताहाला नव्याने उभा राहणारा तरुण कीर्तनकार आम्हांस हमखास विचारतो, “महाराज, कीर्तन रंगलं नाही तर काय करावं?” नांदेड-लातूरकडच्या गावांतूनही आता कीर्तनाचे मोबाइलवर चित्रण होते आणि किती जणांनी पाहिले याचा आकडा सकाळी पारावर पोचतो. तेव्हा भीती खोटी नव्हे. पण तिच्या पोटात दुसराच प्रश्न आहे. आपण गातो ते कशासाठी?

मम्मटाचार्यांनी काव्यप्रकाशात काव्याची सहा प्रयोजने सांगितली. त्यांत यश पहिले, धन दुसरे. यश वाईट असे शास्त्र म्हणत नाही. परंतु विवरण करताना आचार्यांनी मुकुट ठेवला तो परनिर्वृतीच्या माथ्यावर. रस घेता घेता बाकी सारे विसरायला लावणारा जो आनंद, त्याच्यावर. तो आनंद ऐकणाऱ्याचा खरा, पण अहो, गाणाऱ्याचा शब्द सर्वांआधी कुणाच्या कानी पडतो? त्याच्याच. गाणारा हा पहिला श्रोता. तोच उपाशी राहिला तर मंडप भरून काय उपयोग?

वामन पंडितांची आख्यायिका पाहा. सतराव्या शतकातले हे कवी नांदेडच्या शेष घराण्यातले मानतात. वाद जिंकीत, जयपत्रे मिळवीत ते हिंडत. एके रात्री झाडाखाली उतरले असता वरती ब्रह्मराक्षसांचे बोलणे कानी आले, की शेजारची जागा वामन पंडितासाठी राखून ठेवली आहे! कथा कथेच्या जागी असो; मर्म घ्यावे. ठेच लागली ती जिंकणाऱ्याला. त्यांनी पुढे गीतेवर यथार्थदीपिका लिहिली ती मराठीत, ओवीत. जयपत्रांनी जे शिकवले नाही, ते एका रात्रीच्या धसक्याने शिकवले.

अपयश दोन जातींचे असते. पाठांतर तुटले, चाल चुकली, मृदंग एकीकडे आणि आपण दुसरीकडे, हे पहिले. ते गुरूसारखे मानावे. टाळकऱ्यांना विचारावे, पहाटे पुन्हा बसावे, चूक काढून टाकावी. दुसरे अपयश म्हणजे लोक उठून गेले, टाळी पडली नाही. त्यापासून शिकताना जपावे. श्रोत्याला अर्थ पोचला नाही, तर ती पहिल्या जातीचीच चूक, ती सुधारावी. पण अर्थ पोचूनही चुटके नव्हते म्हणून लोक उठले, तर उद्यापासून चुटके सांगायचे काय? त्या शिकवणुकीने कीर्तन रंगेल, आणि अभंग मात्र हातचा जाईल.

इथेच आपल्या सांप्रदायाची एक जुनी शिस्त आठवावी. जिथे कीर्तन करावे तिथे अन्न घेऊ नये, मोल तर नाहीच. तुकोबारायांचे हे सांगणे लोक नुसते वैराग्य समजतात. आम्हांस त्यात कलेचे रक्षण दिसते. बिदागी आधी ठरली की पडण्याची मुभा गेली. मग कठीण अभंग कोण घेणार? यजमान हसला पाहिजे, हीच चिंता. ज्याने काही घेतले नाही, तोच निर्भयपणे अवघड प्रमेय मांडतो, आणि पडला तरी शिकून उठतो.

लातूरहून जवळच अंबाजोगाई. तिथले दासोपंत (१५५१–१६१५) आठवा. त्यांची पासोडी प्रसिद्ध आहे. सुमारे चोवीस हात लांब, अडीच हात रुंद कापडावर त्यांनी पंचीकरणाचा विषय ओव्यांत लिहून काढला. थंडीत अंगावर घ्यायचे जाडेभरडे वस्त्र, त्याचा ग्रंथ झाला! गीतार्णव तर सव्वा लाख ओव्यांचा सांगतात. एवढे कोण वाचणार, हा हिशेब मनात असता तर बोरू दुसऱ्या दिवशीच खाली पडला असता.

कुणी म्हणेल, “मग श्रोत्यांची पर्वाच नको का?” हवी, पुरेपूर हवी. श्रोता संतसज्जन, त्याच्यापुढे कच्चे मांडू नये. पण त्याच्यापुढे उत्तम मांडणे निराळे आणि त्याच्याकडे टाळी मागणे निराळे.

म्हणून कीर्तन पडले की त्या तरुणाने एक करावे. दुसऱ्या पहाटे, कुणी नसताना, तोच अभंग एकट्याने म्हणावा. गोड लागला तर काही बिघडले नाही. उणे होते ते कसबात, आणि कसब रियाजाने येते. गोड लागला नाही, तर कीर्तन मंडपात पडले नव्हते, घरून निघतानाच पडले होते. त्याला औषध एकच. पुन्हा अभंगापाशी जावे आणि आधी स्वतः ऐकावा.