विश्वास आणि पंगत

बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्या वर्गांत एखादा विचारी मनुष्य बसलेला असला, म्हणजे हा प्रश्न बहुधा पुढें येतोच. पौल प्रेषित शिकवितो कीं मनुष्य विश्वासानें नीतिमान् ठरतो, कर्मांनीं नव्हे. याकोबाच्या पत्रांत तर कृत्यांवांचूनचा विश्वास निर्जीव ठरविला आहे. आणि पुन्हां तोच पौल करिंथकरांस लिहितांना विश्वास, आशा व प्रीति हीं तीन नांवें एका ओळींत मांडून प्रीतीला सर्वांत वरची जागा देतो. मग आम्हीं धरावें तरी काय? विश्वास मोठा कीं प्रीति मोठी? उपदेशकाला उत्तर देणें भाग असतें, आणि पुष्कळ वेळां तो एवढेंच सांगून मोकळा होतो कीं विश्वास हें मूळ व प्रीति हें फळ. उत्तर खोटें नाहीं. परंतु मूळ आणि फळ यांचें नातें शेतकऱ्याला उपदेशकापेक्षां अधिक ठाऊक असतें. मूळ शाबूत, पानें हिरवींगार, आणि तरीहि झाडाला फळ धरत नाहीं, हें तो डोळ्यांनीं पाहतो. त्याचा प्रश्न तेथेंच असतो.

म्हणून, प्रिय वाचकहो, तें तयार उत्तर आज बाजूस ठेवूं, आणि ज्या प्रसंगांतून हें शिक्षण निघालें ते प्रसंगच पाहूं.

गलतीकरांस लिहिलेल्या पत्राचा दुसरा अध्याय काढा. सूरिया देशांतील अंत्युखिया शहरीं, जेथें शिष्यांना ख्रिस्ती हें नांव प्रथम मिळालें, तेथें यहूदी विश्वासी व परराष्ट्रीय विश्वासी एकत्र बसून जेवीत असत. पेत्र तेथें आला व तोहि त्यांच्यांत बसूं लागला. कांहीं दिवसांनीं यरुशलेमाहून याकोबाकडचीं कांहीं माणसें आलीं. तीं येतांच पेत्र हळूहळू मागें सरला आणि परराष्ट्रीयांच्या पंगतीपासून वेगळा झाला, कारण सुंता झालेल्या लोकांचें त्याला भय वाटलें. त्याचें पाहून इतर यहूदीहि उठले. बर्णबासारखा भला मनुष्यसुद्धां त्या ओघांत वाहून गेला.

हा मजकूर इतर देशांतील वाचकांना समजावून सांगण्यासाठीं टीकाकारांना पानेंच्या पानें खर्चावीं लागतात. आपल्या खेड्यांतील मंडळीला त्यांतलें एक अक्षरहि समजावून सांगावें लागत नाहीं. गांवाहून कोणी येणार असें कळलें कीं ताट जरा पलीकडे सरकतें, पाण्याचा तांब्या निराळा होतो, आणि हें सर्व एक शब्दहि न बोलतां घडतें. पेत्रानेंहि तेव्हां कांहीं बोलल्याचें लिहिलेलें नाहीं.

आतां विचार करण्यासारखी गोष्ट ही कीं, पेत्राचा विश्वास त्या दिवशीं बदलला नव्हता. ख्रिस्त कोण, हें त्याला कोणी विचारलें असतें तर त्यानें कालचेंच उत्तर आजहि दिलें असतें. त्याच्या मतांत कांहीं उणें झालें नव्हतें. तो केवळ जागेवरून उठला होता. आपण असतों तर म्हणालों असतों कीं, ही प्रीतीची थोडी उणीव झाली, स्वभावाची दुर्बलता झाली, विश्वासाला यांत धक्का नाहीं. पौल तसें म्हणत नाहीं. तो सर्वांदेखत पेत्राला तोंडावर अडवितो, आणि मनुष्य कर्मांनीं नव्हे तर ख्रिस्तावरील विश्वासानें नीतिमान् ठरतो हें आपलें महान् शिक्षण त्या पत्रांत प्रथम मांडतो तें याच पंगतीच्या भांडणाला धरून. ज्या सिद्धांतावर पुढें सोळाव्या शतकांत युरोपांतील मंडळी हादरली, तो या पत्रांत एका जेवणाच्या प्रसंगांतून उभा राहतो.

असें कां? कारण उघड आहे. देवाच्या घरीं शिरण्यास विश्वासाखेरीज दुसरा परवाना लागत नाहीं असें जर खरें असेल, तर त्या घरांतल्या पंगतीस बसण्यास दुसरा परवाना मागणारे आपण कोण? जो आपलें ताट सरकवून घेतो तो तोंडानें कांहींहि म्हणो, त्याचें ताट असें म्हणतें कीं ख्रिस्त पुरेसा नाहीं, आणखी कांहीं पाहिजे; कूळ पाहिजे, सोवळें पाहिजे. म्हणजे प्रीतीचा जो भंग दिसला तो मुळांत विश्वासाचाच नकार होता. त्याच पत्राच्या पांचव्या अध्यायाच्या सहाव्या ओवींत पौल विश्वास आणि प्रीति यांना एका वाक्यांत बांधतो, आणि विश्वास जें काम करतो तें प्रीतीच्या द्वारें करतो असा अर्थ सांगतो. ती ओवी दुसऱ्या अध्यायांतल्या त्या पंगतीची आठवण ठेवून वाचली म्हणजे नुसतें सुभाषित राहत नाहीं.

याकोबाच्या पत्राकडे वळूं. परंपरेनें हें पत्र त्याच याकोबाचें मानलें जातें, ज्याच्याकडून तीं माणसें अंत्युखियास आलीं होतीं. विश्वास व कृत्यें यांविषयींचा त्याचा प्रसिद्ध अध्याय कोठून सुरू होतो हें पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. तोहि बसण्याच्या जागेपासूनच सुरू होतो! सभेंत सोन्याची अंगठी घातलेला एक मनुष्य येतो, आणि मळक्या वस्त्रांचा एक गरीब येतो. एकाला चांगलें आसन, दुसऱ्याला पायांशीं जागा. म्हणजे जे दोन प्रेषित एकमेकांच्या विरुद्ध आहेत असें आपण समजतों, ते दोघेहि एकाच ठिकाणाहून बोलावयास लागतात. कोण कोठें बसला आहे, हें पाहून. पौल विचारतो, तूं उठलास कां? याकोब विचारतो, तूं त्याला खालीं कां बसविलेंस? पुढें उघड्या व उपाशी भावाबहिणीला नुसते कोरडे आशीर्वाद देऊन वाटेला लावणाऱ्याचें जें चित्र याकोब काढतो, त्याला आपल्याकडे शोधावयास दूर जावें लागत नाहीं. देव तुमचें भलें करो असें म्हणून दार लावून घेणें आपल्यालाहि चांगलें साधतें.

मार्टिन लूथरला हें पत्र रुचलें नाहीं. १५२२ सालीं प्रसिद्ध केलेल्या नव्या कराराच्या प्रस्तावनेंत त्यानें त्याला गवताची उपमा दिली. पुढल्या आवृत्त्यांतून तें वाक्य गाळलें गेलें. या एका शब्दावरून लूथरला कृत्यांची व प्रीतीची किंमत नव्हती असें म्हणणारे पुष्कळ आहेत, पण तें त्याच्यावर अन्याय करणारें आहे. १५२० सालीं ख्रिस्ती मनुष्याच्या स्वातंत्र्याविषयीं त्यानें जें लहान पुस्तक लिहिलें, त्याचा सारांशच हा कीं ख्रिस्ती मनुष्य स्वतःपुरता जगत नाहीं. विश्वासानें तो ख्रिस्तांत जगतो आणि प्रीतीनें शेजाऱ्यांत जगतो. तारण मिळविण्याची चिंता ज्याच्या डोक्यावरून उतरली, त्याचे हात शेजाऱ्यासाठीं मोकळे झाले, असा त्याचा विचार आहे. पुण्य जोडण्यासाठीं केलेला दानधर्म हा शेवटीं स्वतःशींच केलेला व्यापार असतो. भिकारी त्यांत निमित्तमात्र. हें आपल्या देशांत वेगळें सांगण्याचें कारण नाहीं.

पण येथें कोणी विचारील, आणि विचारावेंच, कीं प्रीति हीच जर खरी परीक्षा, तर विश्वासाची गरज काय? आमच्या गांवांत ख्रिस्ताचें नांव न घेणारा एक शेजारी आहे. दुष्काळांत त्यानें आपली विहीर सर्वांना मोकळी केली, आणि आमच्याच मंडळीतल्या एकानें आपल्या विहिरीला कुलूप लावलें. हा प्रश्न टाळूं नये. त्या शेजाऱ्याच्या चांगुलपणाला नांवें ठेवून आपला विश्वास उंच करूं पाहणारा मनुष्य प्रभूनें सांगितलेला शोमरोन्याचा दाखला विसरला आहे. चांगुलपणा जेथें आहे तेथें तो देवाचाच आहे, आणि त्याबद्दल आभार मानावे.

तरी विश्वासाची गरज उरते, ती अशी. मोटेचे दिवस आतां बहुतेक गेले, पण जुन्या माणसांना तें काम आठवत असेल. मोट थारोळ्यांत रिकामी होई, तेथून पाणी पाटानें वाफ्यांत जाई. पाट फुटला कीं वाफे कोरडे राहत, विहीर कितीहि भरलेली असो. परंतु पाट कितीहि नीट बांधला आणि विहिरीचा झरा आटला, तर दुपारपर्यंत मोट चिखलच आणूं लागे. प्रीतीला प्रीति मिळाली तर ती चालते. उपकाराची जाणीव ठेवणाऱ्यावर उपकार करणें कोणालाहि जमतें. पण ज्यानें शिवी दिली, कोर्टांत खेंचलें, बांध कोरला, त्याच्यावर प्रीति करावयाची वेळ येते तेव्हां आपल्या विहिरीचा तळ दिसूं लागतो. योहानाच्या पहिल्या पत्रांत आपल्या प्रीतीचें कारणच हें दिलें आहे कीं आधीं आपणांवर प्रीति झाली. आपण अपात्र असतां स्वीकारले गेलों, हें खरें मानणें म्हणजे विश्वास. आणि जो हें खरोखर मानतो त्याला दुसऱ्याची पात्रता तपासण्यास तोंड राहत नाहीं. झरा तो हा. दृष्टांत याहून अधिक ताणूं नये.

विश्वास आधीं कीं प्रीति आधीं याचा काळाच्या दृष्टीनें विचार केला, तर देव एकच क्रम पाळतो असें दिसत नाहीं. पंडिता रमाबाई १८८३ सालीं इंग्लंडांत गेल्या. वाँटेज येथील भगिनींनीं त्यांना लंडनांतील फुलहॅम येथें चाललेलें पतित स्त्रियांचें उद्धारकार्य दाखविलें. ज्यांना आपल्या समाजांत उभें राहण्यासहि जागा नव्हती, अशा स्त्रियांची तेथें मायेनें सेवा होत होती. ही माया कोठून येते, असें पंडिताबाईंनीं विचारलें. तेव्हां एका भगिनीनें त्यांना शोमरोनी स्त्री व ख्रिस्त यांच्या भेटीची कथा सांगितली. म्हणजे त्यांनीं प्रीति आधीं पाहिली, आणि तिचा माग काढीत त्या ख्रिस्तापर्यंत गेल्या. त्याच वर्षीं त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु आपल्या आत्मनिवेदनांत त्यांनींच लिहून ठेवलें आहे कीं, त्या वेळीं आपल्याला ख्रिस्ती धर्म सांपडला होता, प्रत्यक्ष ख्रिस्त सांपडला नव्हता. तो विश्वास त्यांना आणखी सुमारें आठ वर्षांनीं लाभला. मग १८९६ सालीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडला. लहानपणीं दुष्काळांतच आईबापांना गमावलेल्या या बाई स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारें ३०० मुली व स्त्रिया घेऊन आल्या. १९०० सालच्या गुजराथेंतील दुष्काळानंतर केडगांवच्या मुक्तिसदनांतील संख्या दोन हजारांच्या घरांत गेली. प्रीतीनें विश्वासाकडे नेलें, विश्वासानें पुन्हां प्रीतीकडे पाठविलें. कोणतें मूळ आणि कोणतें फळ, हें येथें कोणीं सांगावें?

दुष्काळाची गोष्ट निघाली म्हणून एका नाजूक विषयाला स्पर्श करणें प्राप्त आहे. भाकरीसाठीं ख्रिस्ती झाले, हें बोलणें आपल्या लोकांनीं पिढ्यान्‌पिढ्या ऐकलें आहे. त्याला रागानें उत्तर देण्यापेक्षां ओंगोलचा इतिहास सांगावा. १८७६ ते १८७८ या मोठ्या दुष्काळांत तेलुगु मुलखांतील ओंगोल येथें जॉन क्लाऊ नांवाचे अमेरिकन बाप्टिस्ट मिशनरी होते. त्यांनीं बकिंगहॅम कालव्याच्या एका भागाचा ठेका स्वतः घेतला व हजारों उपाशी माणसांना मजुरी दिली. पुष्कळांनीं बाप्तिस्मा मागितला. क्लाऊ साहेबांनीं दुष्काळ सरेपर्यंत बाप्तिस्मे बंद ठेवले. अन्न द्यावयाचें तें अन्न म्हणून, त्याच्या मोबदल्यांत विश्वास घ्यावयाचा नाहीं, हा त्यांचा निश्चय होता. मजुरी संपल्यावर, मिळण्यासारखें कांहींच उरलें नसतांहि ते लोक पुन्हां आले; आणि ३ जुलै १८७८ या एका दिवशीं २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला. तरीहि माझ्या मतें त्या गोष्टींतला मोठा भाग ही संख्या नव्हे, तर तत्पूर्वीं बंद ठेविलेलें दार होय. प्रीतीला किंमत लावली कीं विश्वासहि बाजारांतला माल होतो, हें त्या मनुष्यानें ओळखलें होतें.

आतां घरचें. अहमदनगर, ज्याला आतां अहिल्यानगर म्हणतात, त्या जिल्ह्यांतील मंडळ्यांत महार व मांग या दोन्ही समाजांतून लोक आले. गांवानें दोघांनाहि वेशीबाहेर ठेविलें होतें, तरी दोघांना एका पंगतीस बसविणें हें पूर्वींच्या पाळकांना फार जड गेलें. १९५० सालीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेनें अस्पृश्यता कायद्यानें नाहींशी केली, आणि प्रभुभोजनाच्या वेळीं आतां आपण एकत्र बसतों, हें बरें आहे. परंतु लग्नाचें बोलणें निघालें कीं तेच प्रश्न मागल्या दारानें येतात. मुलगी शिकलेली, मुलगा मंडळीचा सभासद, दोघांचा प्रभु एक. आणि तरी कोणी काका हळूच विचारतोच, मूळचे कोण? त्या काकाला विश्वासांगीकार तोंडपाठ असतो. त्याच्या विश्वासाविषयीं शंका घेण्यास पाळक धजत नाहीं, कारण तो वर्गणी नेमानें देतो.

पौलानें धजून दाखविलें, आणि तेंहि किती गोडीनें! फिलेमोनास लिहिलेलें पत्र एका पानाचें आहे. तें घरांत मोठ्यानें वाचावें. फिलेमोन हा श्रीमंत विश्वासी होता. त्याच्या घरांत मंडळी जमत असे. त्याचा गुलाम अनेसिम त्याच्यापासून दूर गेला होता, आणि पौलाजवळ येऊन विश्वासी झाला. पौल त्याला परत पाठवितो. पत्राच्या आरंभींच तो फिलेमोनाची प्रीति व विश्वास यांचा उल्लेख करून देवाचे आभार मानतो. मग विनंति करतो कीं याला आतां दास म्हणून नव्हे तर बंधु म्हणून घे, किंबहुना मलाच घेतोस असें समजून घे. याचें कांहीं देणें असेल तर तें माझ्या नांवावर लिही. आज्ञा करण्याचा अधिकार असतां तो आज्ञा करीत नाहीं, कारण आज्ञेनें पंगत लावतां येते, मन लावतां येत नाहीं. फिलेमोनानें पुढें काय केलें हें शास्त्रांत लिहिलेलें नाहीं. मात्र पत्राच्या शेवटीं शेवटीं पौल आणखी एक साधी गोष्ट मागतो: माझ्यासाठीं उतरण्याची जागा तयार ठेव, कारण तुमच्या प्रार्थनांनीं मी तुमच्याकडे येईन अशी मला आशा आहे. म्हणजे पाहुणा त्याच घरीं उतरणार होता, आणि जेवावयास बसल्यावर अनेसिम कोठें बसतो हें त्याला दिसणार होतें.