उकाडा आणि बुद्धीचे काम
एकाच खोलीत, एकाच उकाड्यात बसलेल्या सगळ्यांचे डोके सारखेच मंदावत नाही. कुणाला घाम किती लवकर सुटतो, त्वचेकडे रक्त किती वळते, आदली रात्र झोपेत गेली की तळमळत, कोणती औषधे चालू आहेत, यावर ते ठरते. उन्हाळा बाधतो तो माणूस मनाचा कच्चा, हा समज अन्यायाचा आहे. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या काही रुग्णांत शरीराचे तापमान अर्ध्या अंशाने वाढले तरी नजर अंधुक होते, आणि अंग निवल्यावर पूर्ववत होते. जर्मन नेत्रवैद्य विल्हेल्म उटहोफ यांनी व्यायामानंतरचे असे दृष्टिमांद्य १८९० मध्ये नोंदवले होते. तिथे दोष मज्जातंतूंच्या आवरणाचा असतो, इच्छाशक्तीचा नव्हे.

निरोगी माणसांत फरक पडतो तो कामाच्या सरावानेही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी बिनतारी यंत्रचालकांना उत्तरोत्तर तापत जाणाऱ्या खोलीत मोर्स संदेश उतरवून घ्यायला लावले. उष्णता वाढली तशा चुका वाढल्या. पण मुरलेल्या चालकांच्या फार थोड्या, इतरांच्या कितीतरी अधिक. अंगवळणी पडलेल्या कामाला लक्ष कमी लागते, म्हणून उकाड्याने त्यातले थोडे हिरावले तरी निभावते. नवशिक्याजवळ तशी शिल्लक नसते. शिकणारा तर नेहमीच नवशिका असतो.

हवेची सवय एक-दोन आठवड्यांत होते: घाम लवकर सुटू लागतो, रक्तातील द्रव वाढतो. तरुण वयही मात्र पुरेशी ढाल नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात बोस्टनमधील ४४ विद्यार्थ्यांच्या चाचण्या घेतल्या गेल्या. उष्णतेच्या लाटेत वातानुकूलन नसलेल्या वसतिगृहातील मुलांना एका चाचणीत उत्तर द्यायला सुमारे १३ टक्के अधिक वेळ लागला.

सरासरी इथे फसवते. बर्लिनमध्ये ५४३ जणांना १६ ते ३३ अंश तापमानात गणिते आणि शब्दकोडी दिली, तेव्हा ऊब वाढली तशी स्त्रियांची कामगिरी सुधारली, पुरुषांची काहीशी घसरली. आणि कार्यालयांच्या तापमानाचे रूढ मानक बेतले गेले ते मध्यमवयीन पुरुषाच्या शरीरावर!

सर्वांत गंभीर प्रश्न परीक्षेचा आहे. न्यूयॉर्कच्या शाळांतील रीजंट्स परीक्षांचे निकाल तपासून अर्थशास्त्रज्ञ जिसंग पार्क यांनी दाखवले, की पेपर तापलेल्या दिवशी आला तर गुण कमी पडतात. विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, म्हणजे ही जाण आपल्याकडे आहे. तरीही वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा मे महिन्यात, भर दुपारी दोनला सुरू होत आली आहे. अकोला-चंद्रपूरच्या केंद्रावर पंख्याखाली बसलेली मुलगी आणि थंड हवेच्या गावातला मुलगा एकाच गुणवत्ता यादीत मोजले जातात. पेपर सकाळी लवकर घेतला तर या तफावतीचा मोठा भाग टाळता येईल.