उचल घेतलेल्याचा शब्द

इंग्लंडच्या १८२३ च्या ‘मालक आणि नोकर’ कायद्यात न्यायाची मापे दोन होती. नोकर काम अर्धवट टाकून गेला, तर तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. मालकाने पगार थकवला, तर तो चुकता करण्याचा हुकूम, बस. शब्द दोघांनी दिलेला, पण तो मोडणे हा गुन्हा ठरायचा एकाच्याच बाबतीत.

इंग्लंडने ही शिक्षा १८७५ मध्ये काढून टाकली. आपल्याकडे १८५९ चा तेरावा कायदा मात्र त्यानंतरही पन्नास वर्षे टिकला. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या शहरांसाठी केलेला हा कायदा पुढे आसामच्या चहामळ्यांपर्यंत पोहोचला. आगाऊ पैसे घेतलेला मजूर कामावर आला नाही, तर मालकाने मॅजिस्ट्रेटकडे जायचे. मॅजिस्ट्रेटने पैसे परत करायला किंवा काम पुरे करायला सांगायचे. दोन्ही जमले नाही तर तुरुंग. पैसे घरी कधीच खर्चून गेलेले असत. म्हणजे मळ्यात परतण्यावाचून गत्यंतर नसे.

१९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने हे चित्र उलटे केले. वेठबिगाराच्या डोक्यावरचे कर्ज रद्द झाले आणि सक्तीने राबवून घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद ठरली.

मन मात्र १८५९ मध्येच आहे, असे मला ऊसतोडीचा हंगाम आला की वाटते. बीडमधून नवरा-बायको निघतात. दोघे मिळून ‘एक कोयता’, दोघांची मिळून आगाऊ पैशांची उचल. आजारपणात खाडा झाला तरी दंड कापला जातो. हंगामाअखेर उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या हंगामावर चढते. या व्यवहारातून एखादे जोडपे निघून गेले की गावभर एकच वाक्य ऐकू येते, ‘पैसे घेऊन पळाला.’ ही उचल देणारा मुकादमही कारखाना आणि मजूर यांच्यामध्ये अडकलेला असतो, पैसे बुडाल्याचा त्याचा राग खोटा नसतो. पण पहाटेपासून रात्री गाडी भरेपर्यंत राबलेल्या बाईच्या हाती तिच्या वाट्याची मजुरी वेगळी पडत नाही, तेव्हा कोणी कोणाला बुडवले, हे आपण विचारत नाही.

उचलीची रक्कम मुकादमाच्या वहीत असते. तोडलेले टन, कापलेले खाडे आणि उरलेली बाकी दाखवणारा कागद त्या जोडप्याच्याही हातात हवा, आणि तो देण्याची जबाबदारी ज्याच्या गव्हाणीत ऊस पडतो त्या कारखान्याने घ्यायला हवी.