अठराशे कीफ्रेम

काल तू विचारलंस, ‘सर, कीफ्रेम भराभर टाकता येतील असं एखादं प्लगइन सांगा ना, रात्र पुरत नाही.’ वर्गात बाकीची मुलं होती, म्हणून मी गप्प राहिलो. आज बोलतो, आणि तू ऐकून घे.

तुझी आफ्टर इफेक्ट्सची फाइल मी उघडून पाहिली. बारा आकाशकंदिलांची माळ वाऱ्यावर झुलतेय. पंधरा सेकंदांचं काम, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे ३७५ फ्रेम. प्रत्येक कंदिलावर दर पाच फ्रेमला एक रोटेशनची कीफ्रेम आणि तिच्या जोडीला एक पोझिशनची. ७५ आणि ७५, दीडशे. असे बारा कंदील. अठराशे कीफ्रेम टाकल्यास तू! आणि इतकं करून कंदील झुलत नाहीतच, गचके खातात.

पोझिशनच्या त्या नऊशे कीफ्रेम कशासाठी, हे मला पटकन कळेना. कळलं तेव्हा राग आला. कंदिलाचा अँकर पॉइंट तू त्याच्या पोटात, मधोमध तसाच सोडला होतास. त्यामुळे फिरवला की कंदील पोटाभोवती फिरायचा, कडी दोरीवरून सुटायची, आणि तू माउसने धरून ती परत दोरीला लावायचास. एकच चूक नऊशे वेळा निस्तरलीस, पण ती मुळात होते कुठून, हे एकदाही थांबून पाहिलं नाहीस. अरे, कंदील वरच्या कडीला टांगलेला असतो, तिथूनच तो झुलतो. हे कळायला सॉफ्टवेअर लागत नाही, दिवाळीत घराच्या गॅलरीत उभं राहिलं तरी दिसतं. वाय दाब, पॅन बिहाइंड टूलने अँकर पॉइंट ओढून कडीवर ठेव. कंदील जागचा हलत नाही. टाइमलाइनमधले आकडे बदलून तेच करायला गेलं की मात्र अख्खा लेयर सरकतो. तू तसंच करून पाहिलंस आणि घाबरून सोडून दिलंस, असं मला वाटतं. मग विचारायचं होतं. मी समोरच्याच खोलीत असतो.

‘की’ हा शब्द कुठून आला, ते पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. हाताने कार्टून काढायचे तेव्हा मुख्य चित्रकार हालचालीतल्या मोक्याच्या, म्हणजे ‘की’, मुद्रा काढायचा आणि मधली चित्रं दुसरे लोक भरायचे. क्लेअर वीक्स डिस्नेतून १९५६ साली मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये आले, राम मोहन त्यांच्या हाताखाली तयार झाले, तेही याच रीतीने. पुढे कॅनडात नेस्टर बर्टनिक आणि मार्सेली वेन यांनी ही मधली चित्रं भरायचं काम संगणकावर सोपवलं. त्यांच्या तंत्रावर ‘हंगर’ हा लघुपट १९७४ मध्ये निघाला. भरणाऱ्यांची ती हमाली वाचावी म्हणून माणसांनी वर्षं खर्ची घातली, आणि तू रात्री जागून तीच हमाली परत स्वतःच्या डोक्यावर घेतलीस.

या झोक्याला दोन कीफ्रेम लागतात. एक डावीकडच्या टोकाला, एक उजवीकडच्या. दोन्ही निवडून एफ९ दाब, ईझी ईझ लागतं. टोकाला कंदील क्षणभर रेंगाळतो, खाली येताना वेग घेतो. तू पाच-पाच फ्रेमच्या पायऱ्या टाकून अंदाजाने हेच साधू पाहत होतास, म्हणून गचके आले. ग्राफ एडिटर उघड आणि वेगाचा आलेख बघ, दोन्ही टोकांना शून्य आणि मधे गुळगुळीत टेकडी दिसली पाहिजे. तुझ्या आलेखात करवतीचे दात आहेत. त्यानंतर ऑल्ट दाबून रोटेशनच्या स्टॉपवॉचवर क्लिक कर आणि पिंगपाँगचं लूपआउट एक्स्प्रेशन लिही. पंधरा सेकंद काय, तासभर झुलेल. हा एक कंदील मनासारखा झाला की मगच त्याच्या प्रती काढायच्या, आणि प्रत्येक लेयर थोडा डावीकडे, शून्याच्या आधी सरकवायचा, म्हणजे सगळे एका तालात हलणार नाहीत. उजवीकडे सरकवलास तर लेयर सुरू होईपर्यंत कंदील दिसणारच नाही. अठराशेच्या जागी चोवीस.

उद्या क्लायंट म्हणेल, ‘जरा संथ करा.’ चोवीस असतील तर बाराही लेयरवरची दुसरी कीफ्रेम एकदम निवडून उजवीकडे ओढायची, मिनिटाचं काम. तुझ्या अठराशेचं काय करशील? परत रात्र जागशील, आणि सकाळी मला सांगशील की मशीन स्लो आहे.

हाताच्या सवयीचंही सांगतो, कारण मागे उभा राहून मी तुला काम करताना पाहिलंय. रोटेशन दिसावं म्हणून तू दर वेळी लेयरचा त्रिकोण उघडतोस, मग ट्रान्सफॉर्मचा, मग खाली सरकत जातोस. आर दाबलं की रोटेशन समोर येतं. यू दाबलं की फक्त कीफ्रेम असलेल्या गोष्टी उघडतात. जे आणि के या कळांनी एका कीफ्रेमवरून दुसरीवर उडी मारता येते. निवडलेली कीफ्रेम ऑल्ट आणि बाणाने एक फ्रेम सरकते, सोबत शिफ्ट धरलं तर दहा. हे दोनदा फळ्यावर लिहून दिलं होतं. तू फळ्याचा फोटो काढलास, वहीत काही उतरवलं नाहीस. बोटांना ही सवय तुझी तुलाच लावावी लागेल, कुठलंही प्लगइन ती लावून देणार नाही.

हे एवढ्या कडक शब्दांत तुलाच का सांगतोय, तेही ऐक. कंदिलाच्या कागदातून येणारा उजेड तू फार सुंदर रंगवलायस, या तुकडीत तसा दुसऱ्या कुणाला जमलेला नाही. अशी नजर असलेल्या मुलाची रात्र कड्या दोरीला लावण्यात जावी, हे मला बघवत नाही. ती रात्र झिरमिळ्यांना दे. त्या कंदिलाला पेरेंट कर, त्यांचे झोके कंदिलाच्या तीन-चार फ्रेम मागे ठेव, टोकाच्या कंदिलाला वारा जास्त लागतो म्हणून त्याचा कोन वाढव. तिथे कितीही वेळ घालव, मी विचारणार नाही.

आता फाइल वेगळ्या नावाने सेव्ह कर. अकरा लेयर काढून टाक, उरलेल्या कंदिलावरच्या पोझिशनच्या सगळ्या कीफ्रेम पुस, मग रोटेशनच्या. अँकर पॉइंट कडीवर ने. चार वाजता मी तुझ्या टेबलापाशी येईन, तेव्हा तो एकच कंदील दाखव. तोवर त्याच्या प्रती काढू नकोस.