परमुलखातली चाकरी, गावातली पेन्शन

१८५६ च्या जुलैमध्ये गव्हर्नर जनरल कॅनिंगच्या सरकारने एक कायदा केला. बंगाल लष्करात यापुढे भरती होणाऱ्या प्रत्येक शिपायाने सरकार धाडील तिथे, वेळ पडल्यास समुद्रापलीकडेही, गेले पाहिजे, अशी अट त्यात होती. त्याच सुमारास आणखी एक नियम बदलला. परदेशच्या मोहिमेला निकामी ठरलेल्या जुन्या शिपायाला पूर्वी पेन्शन देऊन घरी पाठवत. आता त्याला छावणीतच पहाऱ्याबिहाऱ्याच्या कामावर ठेवायचे ठरले. पुढच्याच वर्षी उठाव झाला. काडतुसांच्या चरबीवर आणि धर्म बुडण्याच्या भीतीवर आजवर पुष्कळ लिहिले गेले. पेन्शनीच्या या नियमाचा उल्लेख मात्र ओझरताच येतो. महिना सात रुपयांवर उमेदीची वर्षे काढणाऱ्या माणसाला म्हातारपणी घरी जाऊन चार घास सुखाने खायचे होते. ती आशा लांबणीवर पडणे ही त्याच्या लेखी लहान गोष्ट नव्हती.

परदेशची चाकरी आणि निवृत्तीचे पैसे हे दोन विषय सरकारी फायलींत वेगवेगळे असतात. शिपायाच्या आयुष्यात ते कधीच वेगळे नव्हते. घरापासून किती लांब पाठवणार, त्याचे जादा काय देणार, परत आलो तर पुढे काय आणि नाही आलो तर घरच्यांचे काय, हे चार प्रश्न तो एका दमात विचारतो. सैनिकी पेन्शनची कल्पना गेली दोन हजार वर्षे या प्रश्नांच्या रेट्याने पुढे सरकली आहे.

ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातला भत्त्याचा वाद त्याचा नमुना आहे. सिंध परमुलूख होता तोवर तिथे गेलेल्या बंगाली पलटणींना जादा भत्ता मिळे. १८४३ मध्ये कंपनीने सिंध खालसा केला. मुलूख आता आपलाच झाला, मग परमुलखाचा भत्ता कशाला, असा हिशेब साहेबांनी केला. शिपायांच्या बाजूने पाहिले तर वाळवंट तेच, ताप तोच, घर तितकेच दूर. फक्त नकाशाचा रंग बदलला होता आणि तोही त्यांच्याच रक्ताने. ३४ व्या बंगाल पलटणीने जादा भत्त्याशिवाय सिंधमध्ये जायला नकार दिला. १८४४ मध्ये ती पलटण मोडून टाकली गेली.

रोमने हा प्रश्न आधीच अनुभवला होता. ऱ्हाईन आणि डॅन्यूबच्या काठी वर्षानुवर्षे पडून राहणाऱ्या सैनिकांना निवृत्तीनंतर जमीन द्यायची, तर ती इटलीत कोणाकडून तरी काढून घ्यावी लागे आणि त्यावरून दंगे होत. ऑगस्टसने रोख रक्कम ठरवली. इसवी सनाच्या पाचव्या वर्षी वीस वर्षे सेवा केलेल्या सैनिकासाठी ती १२,००० सेस्टर्स होती, म्हणजे तेरा वर्षांच्या पगाराहून जास्त. पुढच्या वर्षी त्याने स्वतंत्र लष्करी खजिना उघडला, स्वतःच्या पदरचे १७ कोटी सेस्टर्स त्यात घातले आणि पुढच्या भरण्यासाठी वारसाहक्कावर पाच टक्के व लिलावांवर एक टक्का कर बसवला. सैनिकाच्या म्हातारपणासाठी राज्याने नेमून दिलेला कर बसवायचा, ही त्या काळात धाडसी कल्पना होती.

कल्पना चांगली होती, पण कबुली पाळली गेली नाही. इसवी सन १४ मध्ये ऑगस्टस वारला आणि सरहद्दीवरच्या फौजा बिथरल्या. तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षे आम्हाला सोडत नाहीत, आणि सोडले तर शेत म्हणून दलदल नाहीतर उजाड डोंगरउतार पदरात घालतात, ही त्यांची तक्रार टॅसिटसने नोंदवली आहे.

साम्राज्याच्या परक्या प्रजेतून भरती झालेल्या सहायक पलटणींची सोय निराळी होती. पंचवीस वर्षांनंतर त्यांना रोमन नागरिकत्व मिळे आणि त्याचा दाखला ब्राँझच्या पत्र्यावर कोरून हवा तर घेता येई. हे दाखले आजही युरोपभर जमिनीतून निघतात. दोन पत्रे तारेने एकत्र बांधलेले, मजकूर आतही कोरलेला आणि बाहेरही तोच, तारेच्या गाठीवर सात साक्षीदारांच्या मोहरा. बाहेरच्या मजकुरात कोणी खाडाखोड केली असा संशय आला, तर मोहरा फोडून आतला मजकूर ताडून पाहायचा. ब्रिटनमध्ये किंवा डॅन्यूबकाठी नोकरी केलेला माणूस हजारो मैलांवरच्या आपल्या गावी जाऊन हक्क सांगणार, तेव्हा त्याला ओळखणारे तिथे कोणी नसणार, हे त्या व्यवस्थेने पक्के धरले होते.

महाराष्ट्रातली फौज घराजवळ लढत होती, तेव्हाचा हिशेब कसा होता ते सभासद बखरीत दिसते. प्रतापगडच्या युद्धानंतर, म्हणजे १६५९ मध्ये, शिवाजी महाराजांनी काय व्यवस्था लावली हे सभासदाने लिहून ठेवले आहे. झुंजात पडलेल्यांच्या मुलांना चालवायचे, मुलगा नसेल तर बायकोला निम्मे वेतन द्यायचे आणि जखमींना जखम पाहून पंचवीसपासून दोनशेपर्यंत होन द्यायचे. बखर महाराजांच्या पश्चात, १६९० च्या दशकात लिहिलेली, हे ध्यानात ठेवूनही ही नोंद विलक्षण आहे. जखमेची प्रतवारी आणि विधवेचे वेतन या गोष्टी आजच्या पेन्शन नियमांतही आहेत. फरक इतकाच की तेव्हा त्यांचा आधार राजाची जाण हा होता. राजा बदलला की त्या शब्दाचे काय, याची तजवीज कोणत्याच दरबारात नव्हती.

कंपनीने सुरुवातीला जुनीच वाट धरली. बिहारमध्ये भागलपूरच्या बाजूला जखमी आणि वयस्क शिपायांना जमिनी देऊन वसवले. त्या वसाहतींना इन्व्हॅलिड ठाणी म्हणत. पण जमीन कसायला हातपाय धड लागतात. हळूहळू महिन्याच्या रोख पेन्शनने तिची जागा घेतली आणि हिंदुस्थानच्या खेड्यांत एक नवा माणूस उभा राहिला: दरमहा ठरलेला पैसा मिळवणारा, आणि त्या पैशासाठी गावातल्या कोणाचाही मिंधा नसणारा.

मुंबई लष्कराच्या बाबतीत हे अधिक ठळक झाले. बंगालच्या शिपायांप्रमाणे समुद्र ओलांडण्याबद्दल या लष्करात तेवढी खळखळ नव्हती. १८०१ मध्ये इजिप्त, १८५६ मध्ये इराणातले बुशायर, १८६८ मध्ये ॲबिसिनियातला मगदाला किल्ला: मुंबईहून जहाजे सुटत गेली आणि त्यांत कोकण-देशावरचे मराठे, महार, मुसलमान शिपाई जात राहिले. परत येऊन निवृत्त झालेल्यांपैकी पुष्कळजण दापोलीत राहिले. आजही जुनी माणसे तिला कॅम्प दापोली म्हणतात.

या दापोलीपाशी जरा थांबले पाहिजे, कारण पेन्शन माणसाचे काय करू शकते ते इथे दिसते. महार हवालदार गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये निवृत्त होऊन दापोलीत स्थायिक झाले. त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहिले, वृत्तपत्रांतून अस्पृश्यतेवर प्रहार केले आणि सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली तेव्हा त्याविरुद्ध अर्ज लिहिला. सुभेदार रामजी सकपाळ महूहून पेन्शनीत निघाले तेही दापोलीलाच आले. त्यांच्या धाकट्या मुलाच्या, भीमरावाच्या (पुढचे डॉ. आंबेडकर), शिक्षणाची सुरुवात तिथे झाली. गावगाड्यात महाराने वतनाच्या तुकड्यावर आणि बलुत्याच्या भाकरीवर जगायचे, तोंड उघडले तर दोन्ही बंद. सरकारी पेन्शन गावाला बंद करता येत नव्हती. त्या स्वातंत्र्याची किंमत या पिढीला पक्की ठाऊक होती. म्हणून भरती बंद झाल्याचे दुःख नोकरी गेल्यापेक्षा मोठे होते. पुढच्या पिढीची शाळा आणि तिचा आवाज त्यात जाणार होता.

पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक हिंदी माणसे समुद्रापार गेली आणि सुमारे ७४ हजार परत आली नाहीत. सहाव्या पुणे डिव्हिजनमधल्या मराठा पलटणी मेसोपोटेमियातल्या कुतला वेढ्यात अडकल्या. २९ एप्रिल १९१६ ला तिथे शरणागती झाली आणि कैदेच्या वाटेवर भुकेने, आजाराने माणसे पडत गेली. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले ४६ जण त्या युद्धात कामी आले. त्यांच्यामागे कोण होते, कोणाला किती द्यायचे, हे ठरवायला सरकारच्या हाती कागदाखेरीज काही नव्हते. शिवाय खेचरवाले, भिस्ती, डोलीवाले अशा फॉलोअर मंडळींचे पगार आणि पेन्शन वेगळे आणि कमी. गोळी त्यांनाही लागत होती.

तो कागद आजही निर्णायक आहे. जवान कांगोत असो की लेबनॉनमध्ये, गावी त्याचे लग्न किंवा मूल नोंदवायचे तर पलटणीकडून पार्ट टू ऑर्डर निघावी लागते आणि नाव रेकॉर्ड ऑफिसच्या दप्तरी चढावे लागते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे ते दप्तर बेळगावला. आता महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीचा रिवाज पाहा: लग्नात मुलीचे नावच बदलायचे. शाळेच्या दाखल्यावर हिरा, सासरी पार्वती, रेकॉर्डला नवऱ्याने घाईत सांगितलेले तिसरेच काहीतरी. तो असेतोवर कोणाचे अडत नाही. तो गेल्यावर मात्र फॅमिली पेन्शनसाठी ही बाई आणि कागदावरची बाई एकच, हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र, तलाठी, सरपंच, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अशी वणवण सुरू होते. पेन्शन हक्काची असते, पण तो हक्क एका अक्षराच्या चुकीपायी महिनोन्‌महिने अडतो. भरतीच्या वेळी आणि परदेशी तुकडी निघण्याआधी पत्नीचे नाव आधार आणि बँकेच्या नोंदीशी ताडून घेणे ही साधी गोष्ट आहे. ती सक्तीची असली पाहिजे.

अंतराचा सर्वांत कठोर हिशेब गुरख्यांच्या वाट्याला आला. १९४७ च्या त्रिपक्षीय करारानंतर गुरखा पलटणी भारत आणि ब्रिटन यांच्यात वाटल्या गेल्या. ब्रिटनकडे गेलेल्यांची पेन्शन भारतीय सैन्याच्या दरांशी जोडली गेली, कारण निवृत्तीनंतर ते नेपाळच्या डोंगरांत राहणार आणि तिथे जगणे स्वस्त, असे गृहीत होते. मलाया, बोर्निओ, फॉकलंड इथे ते ब्रिटिश सैनिकांच्या खांद्याला खांदा लावून लढले. १९९७ मध्ये त्यांचे ठाणे हाँगकाँगहून इंग्लंडला हलले. पुढे ब्रिटनने त्यांना बरोबरीची पेन्शन दिली ती १ जुलै १९९७ नंतरच्या सेवेसाठी. त्याआधीची वर्षे पूर्ण धरली गेली नाहीत. २००९ मध्ये जनमताच्या दबावाखाली जुन्या गुरख्यांना ब्रिटनमध्ये वसण्याचा हक्क मिळाला, तेव्हा ऑल्डरशॉटसारख्या महागड्या गावात डोंगरातल्या हिशेबाच्या पेन्शनवर राहणारी म्हातारी जोडपी दिसू लागली. स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयानेही २०१६ मध्ये त्यांच्या विरोधात निकाल दिला. कायदा काही म्हणो, सेवेचे मोल सैनिक निवृत्तीनंतर कुठे राहतो त्यावर ठरवणे अन्यायाचे आहे.

संयुक्त राष्ट्रांनी हाच पेच निदान मृत्यूपुरता सोडवला. शांतिसेनेत एकाच स्फोटात दोन देशांचे सैनिक मेले, तर पूर्वी भरपाई आपापल्या देशाच्या कायद्याप्रमाणे ठरे. श्रीमंत देशाच्या जवानाचा जीव महाग पडे. १९९७ मध्ये सर्वांसाठी सारखी ५०,००० डॉलरची रक्कम ठरली. शांतिसेनेत वर्षानुवर्षे माणसे पाठवणाऱ्या भारतासारख्या देशाला त्याचे महत्त्व सांगायला नको.

भारतात पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नव्हे, हे स्पष्टपणे सांगणारा नकारा खटल्याचा निकाल १७ डिसेंबर १९८२ चा. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच जणांच्या पीठात न्या. तुळजापूरकरही होते, निकालपत्र न्या. डी. ए. देसाई यांनी लिहिले. पेन्शन हे केलेल्या सेवेचे मोल आहे आणि एका ठरावीक तारखेच्या आधी निवृत्त झालेल्यांना सुधारित सूत्रातून वगळता येणार नाही, असे त्याने ठरवले. सैन्यातले निवृत्तही त्यात आले.

त्यातूनच ‘समान पद, समान पेन्शन’ची मागणी बळावली. २०११ मध्ये कोश्यारी समितीने ती उचलून धरली. २०१५ च्या उन्हाळ्यात छातीवर पदके लावलेले म्हातारे जवान जंतरमंतरवर बसले आणि नोव्हेंबरमध्ये अधिसूचना निघाली. दर पाच वर्षांनी फेरआढावा होणार, हे निवृत्तांना मान्य नव्हते. तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १६ मार्च २०२२ ला तिथल्या पीठाने, ज्याचे निकालपत्र यशवंतरावांचे चिरंजीव न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले, सरकारचे धोरण कायम ठेवले; पद सारखे म्हणून पेन्शन सारखीच हवी, असा नकारा निकालाचा अर्थ होत नाही, असे सांगितले आणि १ जुलै २०१९ पासूनची फेरनिश्चिती करायला लावली. म्हणजे पेन्शन हा हक्क ठरला, पण ती किती हा आकडा सरकारच्या हाती राहिला.

त्यानंतर तीनच महिन्यांनी अग्निपथ योजना आली. चार वर्षांची सेवा, शेवटी सुमारे ११.७१ लाखांचा सेवा निधी, आणि पेन्शन नाही. निधीतला अर्धा वाटा जवानाच्याच पगारातून कापलेला. ऑगस्टसची एकरकमी पद्धत दोन हजार वर्षांनी परत आली, पण ऑगस्टसने ती वीस वर्षांनंतर आणि तेरा वर्षांच्या पगाराइतकी दिली होती. एकरकमी पैसा दिला की राज्याचा त्या माणसाशी हिशेब संपतो. मासिक पेन्शनमध्ये तो त्याच्या आणि त्याच्या विधवेच्या मरणापर्यंत चालू राहतो. तरुण सैन्य हवे आणि पेन्शनीचा बोजा कमी हवा, या सरकारच्या अडचणी खऱ्या आहेत. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचिनवर बुलढाणा जिल्ह्यातला अग्निवीर कर्तव्यावर असताना गेला, तेव्हा त्याच्या घरच्यांना विमा, सानुग्रह रक्कम आणि उरलेल्या काळाचा पगार देय होता. दरमहाची फॅमिली पेन्शन नव्हती. त्याच बर्फात, त्याच चौकीवर नियमित जवान गेला असता तर ती मिळाली असती. कर्तव्यावर मरण पावलेल्या अग्निवीराच्या कुटुंबाला नियमित जवानाच्या कुटुंबाइतकेच लाभ मिळावेत, अशी शिफारस संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने फेब्रुवारी २०२४ मध्ये केली. ती मान्य करायला भरतीचा आराखडा बदलावा लागत नाही, सेवेची मुदत वाढवावी लागत नाही. फॅमिली पेन्शनच्या नियमात अग्निवीर हे नाव घालावे लागते.