घरची शाळा आणि मुलाचे म्हणणे

आपल्या मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवावे, असा विचार अलीकडे काही सुशिक्षित दांपत्ये आमच्यापाशी बोलून दाखवितात. २०२० च्या टाळेबंदीत शाळेचा वर्ग घरात आला, तेव्हापासून हा विचार अधिक ऐकू येतो. दप्तराचे ओझे, शिकवण्यांचा खर्च, गुणांसाठी चाललेली जीवघेणी चढाओढ, ही त्यांची कारणे खोटी नाहीत. ‘फादर, यात चर्चची काही हरकत आहे का?’ असे ते विचारतात. हरकत नाही, हे उत्तर सोपे आहे. परंतु प्रश्न तेथे संपत नाही.

आईवडील हेच मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक होत, असे द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये शिक्षणविषयक घोषणापत्रात सांगितले. एकट्या कुटुंबाला हे कार्य पेलणारे नाही, त्याला सबंध समाजाचे साह्य हवे, हेही तेथेच सांगितले आहे. पहिला भाग सर्वांच्या लक्षात राहतो, दुसरा सहसा राहत नाही.

पालकांच्या या अधिकारासाठी कॅथलिकांना न्यायालयाची पायरी चढावी लागली आहे. अमेरिकेतील ओरेगन राज्यात १९२२ मध्ये मुलांना सरकारी शाळेतच पाठविण्याची सक्ती करणारा कायदा मतदारांनी संमत केला. त्यामागे कॅथलिक शाळांविषयीचा आकस होता. तेथील धर्मभगिनींनी दाद मागितली आणि १९२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द ठरविला. मुलावर मालकी सरकारची नव्हे, असा त्या निकालाचा आशय. घरी शिकविणारे अमेरिकन पालक आजही त्याचा आधार घेतात. मात्र त्या भगिनी लढल्या त्या शाळा चालू राहाव्यात म्हणून, याची नोंद घ्यावी.

जर्मनीने नेमकी उलट वाट धरली. तेथे शाळेत जाणे सक्तीचे आहे. २०१३ मध्ये घरी शिकणाऱ्या चार भावंडांना अधिकाऱ्यांनी सुमारे तीन आठवडे आईबापांपासून दूर ठेवले आणि २०१९ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने त्यात हक्कभंग झाला नाही, असा निर्णय दिला. कायद्याच्या दृष्टीने काहीही असो, आम्हांला हे कठोर वाटते.

सरकार आणि पालक यांच्या या ओढाताणीत तिसरा कोणी आहे, याची आठवण १९७२ मध्ये अमेरिकेतील एका न्यायमूर्तींनी करून दिली. आमिश पंथाच्या पालकांना आठवीनंतर मुलांना शाळेतून काढण्याची मुभा त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने दिली. न्यायमूर्ती डग्लस यांनी अंशतः भिन्न मत नोंदविले: मुलांना कोणी विचारले काय? आम्हांला हा प्रश्न बाकीच्या सर्व युक्तिवादांहून वजनदार वाटतो. मूल सरकारचे नाही, तसे ते आईबापांच्या मालकीचेही नाही. ते परमेश्वराने सोपविलेली ठेव आहे.

लिझ्यूच्या संत तेरेजाचेच पाहा. आई निवर्तल्यावर थोरल्या बहिणीने तिला घरी शिकविले. १८८१ मध्ये, आठ वर्षांची असताना, ती बेनेडिक्टाईन भगिनींच्या शाळेत गेली. अभ्यासात ती इतकी पुढे होती, की तिला मोठ्या मुलींच्या वर्गात बसविले. पण मुलींमध्ये मिसळणे, खेळणे, चिडविले तर सोसणे तिला जड गेले. शाळेतील वर्षे आपल्या आयुष्यातील सर्वांत दुःखाची होती, असे तिने पुढे लिहून ठेवले. घराने तिला पुष्कळ दिले, एक गोष्ट मात्र दिली नाही. तीच तेरेजा १९९७ मध्ये ख्रिस्तसभेची महापंडिता म्हणून घोषित झाली. तेव्हा तिच्या कथेवरून घाईने निष्कर्ष कोणत्याच पक्षाने काढू नये.

आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वयाच्या बालकाला शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य ठरविले; न केल्यास पालकाला शिक्षा मात्र सांगितलेली नाही. चौदा पूर्ण झाल्यावर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत दहावीला बसता येते. म्हणजे वाट आहे, पण तिच्यावरून चालणाऱ्याला नातेवाइकांपासून सर्वांना उत्तरे देत बसावे लागते. आणि उत्तरे द्यायला, शिकवायला, नोकरी सोडायला बहुधा आईच पुढे होते. ‘आम्ही शिकवणार’ असे वडील म्हणतात तेव्हा त्या ‘आम्ही’मध्ये कोणाचे किती तास आहेत, हे आम्ही हटकून विचारतो. पुष्कळदा वडील हसतात आणि आई गप्प राहते.

दुसरे विचारतो ते मुलाच्या सोबत्यांविषयी. रविवारचे धर्मशिक्षण, वेदीसेवक, क्रिकेटचा चमू, शेजारच्या आळीतील हिंदू-मुसलमान मुले, यांपैकी कोण रोजच्या रोज त्याच्या वाट्याला येणार? ‘वाईट संगत नको’ म्हणून दार लावून घेणाऱ्यांना आम्ही थोडे थांबायला सांगतो. ज्यांचे दार उघडे आहे, त्यांना घरी शिकविण्यापासून आम्ही परावृत्त करीत नाही. मात्र दर वर्षी मे महिन्यात, शाळांचे प्रवेश संपण्यापूर्वी, त्यांनी मुलाला जवळ बसवून विचारावे, ‘तुला शाळेत जायचे आहे का?’ आणि ते ‘हो’ म्हणाले, तर त्याच आठवड्यात प्रवेशाचा अर्ज आणावा.